कागदाची उजवी बाजू

शेडच्या छपरात काचेच्या बारा पट्ट्या होत्या. दुपारी दोन ते चार या वेळात त्यांतून उतरणारं ऊन गाड्यांच्या अंगावरून इतकं सावकाश सरकायचं, की उभं राहून बघितलं तर काहीच हलत नाही असं वाटावं आणि चहा पिऊन परत यावं तर पॅकार्डवरचं ऊन शेजारच्या डॉजवर जाऊन बसलेलं असावं. पूर्वी इथे बसगाड्या दुरुस्त होत. आता विकायला आलेल्या जुन्या अमेरिकन गाड्या उभ्या असत. कधी नऊ, कधी अकरा. लांबरुंद, जड, क्रोमच्या जबड्यांच्या. भर दुपारी सुस्तावून पाण्यात बसलेल्या जनावरांसारख्या त्या दिसत, आणि आत शिरणारा माणूस कारण नसताना आवाज खाली आणी.

या शेडमध्ये पारखी आणि त्यांचे मेव्हणे एकतीस वर्षं गाड्यांची पारख करत होते. मेव्हणे म्हणजे पारख्यांच्या बायकोचे थोरले भाऊ. दोघांची रीत साऱ्या बाजाराला ठाऊक होती. बॉनेटवरच्या चिन्हापासून मागच्या नंबरप्लेटपर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढायची. डावी बाजू पारख्यांची, उजवी मेव्हण्यांची. रेघ ओलांडायची नाही. मधे बोलायचं नाही. हुंकारसुद्धा द्यायचा नाही. आपापल्या अर्ध्या कागदावर लिहायचं, मग बॉनेटपाशी समोरासमोर उभं राहून एकमेकांना वाचून दाखवायचं, आधी डावी, मग उजवी. त्यानंतर पारख्यांनी दोन्ही अर्धे एका कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवायचे आणि खाली दोघांनी सही करायची.

ही रीत एका हडसन गाडीनं शिकवली होती. पहिल्याच वर्षी तिचा गंजलेला तळ दोघांनी मिळून पाहिला. एक म्हणाला, "फार नाही." दुसरा म्हणाला, "छे, फार नाही." आणि घेणाऱ्याचा पाय तिसऱ्या महिन्यात थेट रस्त्याला लागला. दोन माणसं एकच पोचा बघायला लागली की तो लहान होत जातो, हे दोघांनी त्या दिवशी ओळखलं.

त्यामुळे झालं होतं असं, की एकतीस वर्षांत पारख्यांनी गाड्यांच्या उजव्या बाजू पाहिल्या नव्हत्या. म्हणजे जाता-येता नजर पडे, पण पाहणं वेगळं. उजव्या बाजू त्यांना ठाऊक होत्या त्या मेव्हण्यांच्या आवाजातून. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून पारख्यांच्या वाट्याला नेहमी चालवणारा माणूस येई: झिजलेलं पेडल, खिडकीच्या कडेला कोपर टेकून उडालेला रंग, सीटमध्ये एका बाजूला पडलेला खड्डा. मेव्हण्यांच्या वाट्याला शेजारी बसणारे येत. ते वाचायला लागले की पारखी डोळे मिटून घेत. "दाराच्या आत, खाली, लहान मुलाच्या बुटांच्या टाचा. तीन वर्षं तरी तेच मूल. पुढे खुणा वर सरकल्यात." किंवा, "हातमोज्यांच्या कप्प्याची कडी अंगठीनं घासलेली. डाव्या हाताची अंगठी." आणि पारख्यांच्या डोळ्यांपुढे अर्धी गाडी हळूहळू पूर्ण होई, माणसं येऊन बसत, दारं लागत आणि गाडी कुठल्यातरी रुंद, रिकाम्या रस्त्यावरून निघून जाई. सबंध दिवसात पारख्यांना सगळ्यात आवडणारी ती पाच मिनिटं होती.

आता मेव्हण्यांनी स्वतःचीच गाडी विकायला काढली होती. पंचावन्न सालची ब्यूक, चार दारांची, आकाशी निळी, पुढच्या मडगार्डांवर दोन्हीकडे तीन-तीन गोल भोकं. बावीस वर्षांपूर्वी ती याच शेडमध्ये आली होती. दोघांनी आपापल्या बाजू पाहिल्या, आणि पारख्यांनी डाव्या अर्ध्यावर लिहिलं होतं, "निर्दोष." हा शब्द त्यांनी आयुष्यात दोनदाच लिहिला. मेव्हण्यांनी त्याच संध्याकाळी गाडी घेतली.

पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला जाणार होते. तिच्या घराला गाडी ठेवायला जागा नव्हती. शिवाय दीड वर्षापासून त्यांनी गाडी चालवणंही सोडलं होतं. गुडघा ऐकत नाही, म्हणायचे. गाडी घेणार होती एक दातांची डॉक्टरीण. ती दोनदा येऊन गेली होती, दोन्ही वेळा गाडीला हात न लावता लांबून बघून गेली होती आणि जाताना एकच म्हणाली होती, "मला गाड्यांतलं कळत नाही. मला तुमचा कागद हवा. दोन्ही बाजूंचा."

पण मालकानं आपल्याच गाडीची पारख करायची नाही, हाही नियमच होता. म्हणून बुधवारी दुपारी दोन वाजता मेव्हणे भिंतीपाशी खुर्ची टाकून बसले आणि दोन्ही अर्धे कागद पारख्यांच्या हातात आले.

"घाई करू नका," मेव्हणे म्हणाले. "आणि माझी गाडी म्हणून सूट नको."

"सूट देईन म्हणून घाबरताय की देणार नाही म्हणून?"

"भाऊजी, तुम्ही लग्नात माझ्या बहिणीलाही सूट दिली नव्हतीत. पत्रिकेत सतरा दोष काढलेत आणि मग हो म्हणालात."

"त्यातले सोळा खरे निघाले."

"सांगू का तिला?"

"सतरावा तुम्ही होतात, दादा."

मेव्हणे मनापासून हसले आणि त्यांनी डोकं भिंतीला टेकलं.

पारख्यांनी डावीकडून सुरुवात केली. खिशातून लोहचुंबक काढला. फ्लॅनेलच्या तुकड्यात शिवलेला, सुपारीएवढा. जिथे पत्रा असेल तिथे तो चिकटतो, जिथे पोच्यात पुट्टी भरून वरून रंग मारला असेल तिथे निसटतो. मडगार्डवर तो चिकटला. तिन्ही भोकांच्या भोवती चिकटला. दारांवर, कडेला, चाकाच्या कमानीत, सगळीकडे चिकटत गेला. पेडलचं रबर मेव्हण्यांच्या टाचेच्या आकारानं झिजलं होतं. स्टिअरिंगवर, घड्याळात दहाचा आकडा असतो त्या जागी, एक मऊ खळगा. ही बाजू त्यांना पाठ होती. अर्ध्या तासात डावा कागद भरला.

मग ते बंपरला वळसा घालून उजवीकडे आले आणि जरा थांबले. राहत्या घरात इतकी वर्षं कुलपात असलेली एक खोली अचानक उघडी मिळावी तसं त्यांना झालं. सगळं ओळखीचं आणि सगळं उलटं. ऊन नुकतंच ब्यूकवर आलं होतं. पुढचं मडगार्ड निळं. पुढचा दरवाजा निळा.

मागचा दरवाजा हिरवा होता.

गर्द हिरवा नव्हे. उथळ समुद्राचं पाणी वाळूजवळ होतं तसा. अर्धवट अंधारात कदाचित निसटला असता, पण उन्हात नाही. पारख्यांनी डोळे मिटून उघडले. दरवाजा उघडून आतली कड पाहिली, तिथे मूळचा निळा तसाच होता. म्हणजे बाहेरूनच रंगवलेला. काम सुरेख होतं. एक ओघळ नाही, एक कण नाही, कडा धारदार. फक्त रंग दुसरा होता. ही गाडी ते आठवड्यातून तीनदा बघत. पण नेहमी डावीकडून.

"दादा," त्यांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "हा मागचा दरवाजा कधी केलात?"

रीत मोडली होती. मेव्हणे मात्र खूश झाले.

"सापडला? कसा सापडला? कडेवरून ना? दोन वर्षं झाली. एक हातगाडी घासून गेली होती. समोरच्या पेंटरकडून करून घेतला. रंगाची छटा मी स्वतः निवडली, त्याच्या कार्डावरून. तो कार्ड घेऊन तीन वेळा आला, साहेब हाच ना, हाच ना. शेवटी म्हटलं, रंग मला शिकवतोस?" ते खुर्चीत पुढे झुकले. "खरं सांगा. कड उघडून पाहिली नसतीत, तर बाहेरून कळलं असतं?"

पारख्यांनी मेव्हण्यांकडे पाहिलं. ते दरवाज्याकडेच बघत होते, थेट, वीस फुटांवरून, उन्हात. चेहऱ्यावर आपलं काम दाखवणाऱ्या माणसाचा आनंद होता.

"आज ऊन फार आहे," पारखी म्हणाले. "उजवी बाजू उद्या सकाळी करतो."

"ऊन जास्त म्हणून पारख थांबलेली मी आज पहिल्यांदाच बघतोय."

"माझी आहे ना आज उजवी बाजू? मग माझ्या सोयीनं."

समोरच्या पेंटरनं त्यांना येताना पाहिलं आणि ते रस्ता ओलांडेपर्यंत हातातली स्प्रेगन पुसून ठेवली.

"आलात," तो म्हणाला. "दोन वर्षं वाट बघतोय कुणीतरी विचारेल म्हणून."

"तुला कळलं होतं?"

"कळणार नाही? मी म्हटलं, साहेब, हा हिरव्याकडे जातोय. ते म्हणाले, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी निळा बघतोय. आता त्यांना मी काय सांगणार? ज्यांनी मला ओल्या रंगावर बोट लावू नये हे शिकवलं, त्यांना? मारला." त्यानं आवाज उतरवला. "सगळ्या गल्लीला माहितीये. कुणी बोलत नाही. तुम्हालाही माहीत असेल असं वाटलं. तुम्ही एवढे जवळचे."

पारखी तसेच घरी गेले. बायको भाजी निवडत बसली होती. त्यांनी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं.

तिनं निवडलेली पानं बाजूला सारली. मग म्हणाली, "मागच्या थंडीत मी निळा स्वेटर विणला ना, तो बघून दादा म्हणाला, हिरवा छान दिसतो तुला. मला वाटलं नेहमीसारखी फिरकी घेतोय. मीही म्हटलं, हो, आणि तुझं डोकं काळं आहे."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? रोज आठ तास तुम्ही दोघं एका गाडीपाशी उभे. त्याचं मला कळायच्या आधी तुम्हाला कळायला हवं." तिनं देठ मोडला. "पण तुम्ही आपले पलीकडच्या बाजूला."

तिनं ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, पण पारख्यांना ते लागलं. आणि वर त्यांना वेगळीच भीती वाटत होती. दरवाजा एकच होता. पण दोन वर्षांत, तीन वर्षांत, मेव्हण्यांनी किती गाड्यांच्या उजव्या बाजू पाहिल्या? त्या कागदांवर दोघांच्या सह्या होत्या. त्या गाड्या आता लोकांच्या अंगणात उभ्या होत्या, आणि लोक त्या कागदांवर विसंबून निर्धास्त होते. उद्या हिरवा दरवाजा कागदावर आला की मेव्हण्यांना एका दरवाज्याचं नव्हे, या सगळ्याचं कळणार. आणि नाही आला, तर एकतीस वर्षांत पहिल्यांदा कागद खोटा होणार, तोही मेव्हण्यांच्या शेवटच्या गाडीचा.

कपाटात जुन्या कागदांच्या नकला होत्या. त्यांनी खाली बसून, दिवेलागणीच्या आधीच्या उजेडात, नव्याकडून जुन्याकडे वाचायला सुरुवात केली. फक्त उजव्या बाजू. "पुढचं मडगार्ड, वरची कड, दोन बोटं लांब पुट्टी. बोटाला गार लागत नाही." "मागचा दरवाजा लावताना दोन आवाज येतात, एक यायला हवा." "सीटच्या कापडाखाली स्प्रिंग नवी, बाकीच्या थकलेल्या." चांगल्या होत्या. नेहमीसारख्या चांगल्या. पारखी वाचत गेले, आणि पंधराव्या की सोळाव्या कागदावर त्यांचा हात थांबला. मग ते परत पहिल्यापासून वाचू लागले.

उजव्या बाजूला एकही रंग नव्हता.

निळा नाही, लाल नाही, पिवळट नाही, उन्हानं उडालेला नाही. खरखरीत होतं, गार होतं, पातळ होतं, खोल होतं. वास होते. आवाज होते. साडेतीन वर्षं मागे गेल्यावर एका पॅकार्डवर शेवटचा रंग सापडला: "मोरपंखी, कडेला धुरकट." त्याच्या आधी मात्र रंगच रंग. मेव्हण्यांना तर रंगांची फार हौस. "जांभळाच्या सालीसारखा" असंही त्यांनी एकदा लिहिलं होतं.

त्यानंतर त्यांनी एकदाही रंग लिहिला नव्हता. म्हणजे एकही कागद खोटा नव्हता. जे दिसत नव्हतं ते त्यांनी सरळ वगळलं होतं. आणि हे सगळे अर्धे पारख्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते, स्वतःच्या हातानं उतरवले होते. डोळे मिटून ऐकताना रंग त्यांनी आपल्याच मनानं भरले होते.

गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांनी उजवा अर्धा लिहून पूर्ण केला. डॉक्टरीण अकराला येणार होती. मेव्हणे बॉनेटपाशी येऊन उभे राहिले, उजव्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागी. पारखी डावीकडे. मधे बॉनेट, स्वच्छ धुतलेलं.

त्यांनी डावा अर्धा वाचला. मग उजवा. पुढचं मडगार्ड. पुढचा दरवाजा. मग न थांबता, त्याच सुरात, "मागचा दरवाजा. बाहेरून पुन्हा रंगवलेला. काम उत्तम. रंग जुळत नाही. गाडी निळी, दरवाजा हिरवा."

मेव्हण्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"पुन्हा वाचा."

पारख्यांनी पुन्हा वाचलं.

बाहेर कुणीतरी लोखंडी पट्टी ठोकत होतं. ते थांबेपर्यंत दोघं उभे होते.

"किती हिरवा?" मेव्हण्यांनी विचारलं.

"उथळ समुद्राचं पाणी असतं ना, वाळूपाशी. तसा."

"हं. म्हणजे वाईट नाही."

"वाईट नाही. सुंदर आहे. फक्त या गाडीचा नाही."

"पेंटर बिचारा," मेव्हणे म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, ते लगेच विरलं. "त्या दिवशी असंच ऊन होतं. मला वाटलं, आज दिसतंय. बाकीच्या गाड्यांच्या वेळी मी हिंमत केली नाही. दुसऱ्याच्या गाडीवर चुकीचं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं. पण ही माझी. म्हटलं, हिचा निळा मला डोळे मिटूनही ओळखता येईल."

"मला सांगायचं होतंत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"माझ्या लक्षात आलं नाही, दादा. काल रात्री जेवायच्या आधी कळलं. साडेतीन वर्षांनी."

"तुमच्या काय लक्षात येणार? मी वाचायला लागलो की तुम्ही डोळे मिटून घेता. मला वाटायचं, ऐकतंय कोण, झोपलंय कोण." मग आवाज बदलला. "वडिलांचं असंच झालं होतं. आधी रंग गेले, मग पायऱ्या, मग माणसं. मी म्हटलं, जमेल तोपर्यंत बोटांनी निभावू. लेकीकडे गेलो की पारख सुटलीच. मग कुणाला कळायचं कारण नाही."

पारख्यांनी कागद पुढे केला. "लिहू ना असंच?"

"लिहा. आणि पुढे घाला, मालकाची चूक. पेंटरचा दोष नाही." मेव्हणे बॉनेटला वळसा घालून चालायला लागले. "आणि आता कागद पुराच करायचा तर पुरा करू. इकडे या."

ते डावीकडे आले होते. रेघ ओलांडून. पारखी नकळत एक पाऊल मागे सरले. मेव्हण्यांनी त्यांचा उजवा हात धरला, मनगटापाशी, आणि डाव्या मडगार्डच्या खालून, चाकाच्या कमानीतून आत नेला.

"वर. अजून वर. तिसऱ्या भोकाच्या मागे. काय लागतंय?"

पत्रा. धूळ. मग एक गोल कंगोरा. रुपयाहून मोठा, अगदी नीट गोल. पारख्यांची बोटं त्याच्याभोवती फिरली आणि पुन्हा फिरली.

"चकती आहे," ते म्हणाले. "बसवलेली."

"चौथं भोक आहे ते. बुजवलेलं. हे मडगार्ड या गाडीचं नाही. चार भोकांच्या भारी ब्यूकचं आहे. कुणीतरी अपघातानंतर बसवलं, जास्तीचं भोक पत्र्याच्याच चकतीनं बंद केलं. पत्राच असल्यामुळे तुमचा चुंबक चिकटला."

"निर्दोष," पारखी हळूच म्हणाले.

"निर्दोष," मेव्हणे म्हणाले. "पहिल्या आठवड्यात गाडी धुताना सापडलं मला."

"बावीस वर्षं! आणि बोलला नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी परत करायला लावली असतीत. मला आवडली होती." ते थोडं थांबले. "शिवाय तो शब्द तुम्ही किती खुशीत वाचला होतात, ते मी ऐकलं होतं."

डॉक्टरीण अकराला आली ती दोघांना डाव्या मडगार्डखाली हात घालून बसलेलं बघतच आली. पारखी उठले, हात पुसले आणि तिला दोन्ही अर्धे वाचून दाखवले. हिरवा दरवाजा, मालकाची चूक. आणि डाव्या अर्ध्यात आत्ताच पेन्सिलीनं घातलेली ओळ: पुढचं मडगार्ड दुसऱ्या गाडीचं, चौथं भोक बुजवलेलं, पारख्याची चूक.

तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं पर्समधून लांब दांड्याचा छोटा गोल आरसा काढला, दात बघायचा, आणि गुडघ्यावर बसून तो मडगार्डच्या आत नेला. गाडीला तिनं पहिल्यांदाच हात लावला होता.

"वा," ती आतूनच म्हणाली. "काय सुरेख भरलंय. कडेला फट नाही. कोणी केलंय हे?"

"ते आम्हालाही कळलेलं नाही," मेव्हणे म्हणाले.

"कोणी का असेना, हात चांगला होता." ती उठली, साडीवरची धूळ झटकली. मग मेव्हण्यांकडे पाहत राहिली. "काका, जरा या उजेडात. छपराकडे बघा."

मेव्हण्यांनी मान वर केली. काचेच्या पट्टीतून ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं.

"हे किती वर्षं आहे?"

"साडेतीन. चार. वडिलांचंही असंच."

"वडिलांचं काय होतं ते मला माहीत नाही. मी दातांची. पण तुमच्या बाहुलीत धुकं मला उभ्या-उभ्या दिसतंय. मोतीबिंदू वाटतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलंत का?"

"नाही."

"एकदाही?"

"काय सांगतील ते ऐकायचं नव्हतं."

"माझ्याकडे येणारे सगळे हेच म्हणतात," ती म्हणाली. "आणि मग म्हणतात, एवढंच होतं होय. तुमचं एवढंच असेल असं मी सांगत नाही. पण दाखवा. या आठवड्यात. गाडी मी घेतेय. दरवाज्याला मात्र आत्ता कुणी हात लावायचा नाही. आधी तुम्ही तो नीट बघायचा, मग माझ्यासाठी रंगाची छटा तुम्हीच निवडायची."

"आणि दिसला नाही तर?"

"तर हिरवा राहील. तुमचे भाऊजीच म्हणाले ना, सुंदर आहे."

मेव्हण्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली. ठेवताना बोटं क्षणभर तिथेच राहिली.

मग तिघं निघाले, एक फेरी मारायला. चालवायला ती. मेव्हणे तिच्या शेजारी उजवीकडे बसले. पारख्यांनी सवयीनं मागे डावीकडचं दार धरलं, ते सोडलं, गाडीला मागून वळसा घातला आणि हिरव्या दरवाज्यातून आत शिरले. दार लागलं. एकच आवाज आला.

"किल्ली फिरवून थांबा," मेव्हणे पुढे सांगत होते. "आता ॲक्सिलरेटर सावकाश दाबा. स्टार्टर त्याच्याखालीच आहे. घाबरू नका, ती स्वतःच उठते."

गाडी उठली. फार खोलवरून, झोपेतून कुणी बोलावं तसा आवाज आला आणि स्थिर झाला. शेडचं तोंड मागे गेलं. पेंटर दारात उभा होता, त्यानं दरवाज्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. पारख्यांनी त्याला आतून हात केला. रस्ता रुंद होता, या वेळेला जवळजवळ रिकामा. दोन्हीकडची झाडं गाडीच्या काचांवरून वाहत गेली.

आतून सगळं निराळं होतं. दाराच्या कापडावर, खाली, लहान टाचांच्या खुणा होत्या. मेव्हण्यांच्या लेकीच्या असणार. वरच्या खुणांपाशी एक बटण शिवलेलं होतं, कशासाठी ते पारख्यांना कळेना. खिडकीच्या चौकटीला, काच जिथे खाली जाते तिथे, मूळ रंगाची बोटभर रुंद पट्टी होती. पेंटरची स्प्रेगन तिथवर पोचली नव्हती.

"भाऊजी," मेव्हणे मागे न वळता म्हणाले. "त्याच दरवाज्यापाशी बसलात ना? आतून कसा आहे?"

"निळा आहे, दादा. आतून तसाच आहे."

"कसला निळा?"

पारखी त्या पट्टीवर बोट फिरवत राहिले. इतकी वर्षं ऐकत आलेल्या माणसाला आता सांगायचं होतं. झाडाखालून गाडी उन्हात आली आणि पट्टी उजळली.

"सांगतो," ते म्हणाले. "डोळे मिटा."

मेव्हण्यांनी मिटले.